गोळी सुरू झाल्यापासून मुलगा शांत आहे, आणि झोप माझी उडालीय

कृष्णाकाठ | २२ जुलै, रात्री ११:५२

इथे चार वर्षं नुसती वाचक आहे. आज लिहितेय, कारण घरात या विषयावर तोंड उघडलं की भांडण होतं.

मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. घरात त्याला बारक्या म्हणतो, इथेही तेच म्हणते. एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, सतत चुळबुळ, ते) निदान मार्चमध्ये झालं. आम्ही सांगलीत राहतो, डॉक्टर कोल्हापूरला. दर महिन्याला पन्नासेक किलोमीटर जायचं, दोन तास बाकड्यावर बसायचं आणि आत जेमतेम सात-आठ मिनिटं मिळायची. वर्षभर आधी ब्राह्मी झाली, शंखपुष्पी झाली, साखर बंद केली, टीव्ही बंद केला, थेरपीला आठवड्यातून दोनदा नेलं. थेरपीचा उपयोग झाला, नाही असं नाही. पण पहिलीच्या शेवटी शाळेने 'पुढच्या वर्षी दुसरीकडे बघा' असं गोड शब्दांत सुचवलं आणि आम्ही गोळीला हो म्हणालो.

त्यावरचं मिथाइलफेनिडेट हे औषध सुरू आहे. पहिला आठवडा अगदी कमी मात्रेची साधी गोळी, नंतर वाढवत वाढवत आता बारा दिवस झाले मोठ्या मात्रेची चालू आहे. सकाळी सव्वासातला देतो, शाळा आठ ते एक.

पहिला आठवडा इतका छान गेला की मी देवापुढे साखर ठेवली. त्यानंतर जे चाललंय ते असं:

डबा जसाच्या तसा परत येतो. परवा पोळीचा रोल उघडलेलासुद्धा नव्हता. 'जेवू वाटंना' एवढंच म्हणतो. वजन २१.४ होतं, काल किराणावाल्याच्या काट्यावर २०.६ भरलं.

एकच्या सुमाराला रिक्षातून उतरतो तो रडतच. रिक्षाकाका म्हणाले, 'ताई, बारा-साडेबारापासूनच चेहरा पडलेला असतोय.' घरी आल्यावर दप्तर फेकणं, मला बोचकारणं, मग स्वतःच्याच हातावर चावणं. तासाभराने थकून झोपतो. रात्री मात्र साडेअकरापर्यंत टक्क जागा.

आणि ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते सांगते. बारक्या सतत वाजवतो. ताट, टेबल, बादली, माझी पाठ, काही चालतं. मंडळाच्या ढोलाचे ठेके ऐकून ऐकून बोटांत बसलेत. त्यावरून मी त्याला किती वेळा ओरडलेय. गेले बारा दिवस त्याने काहीही वाजवलेलं नाही. रविवारी सकाळी ताटासमोर बसला होता, हात मांडीवर. एका जागी बघत. मी चमचा त्याच्या हातात दिला, तर त्याने तो नीट बाजूला ठेवला.

शाळेतून वहीत चांदणी चिकटवून आलीय. 'व्हेरी गुड इम्प्रूव्हमेंट.' ती चांदणी बघून मला रडू आलं, आनंदाने नव्हे.

नवरा म्हणतो, थोडं थांब, औषध रुळू दे. सासूबाई मीठ-मोहऱ्या ओवाळतात. डॉक्टरांची पुढची तारीख ९ ऑगस्ट. कोणी यातून गेलंय का?

---

गवतीचहा | २३ जुलै, सकाळी ६:१५

कृष्णाकाठ, अगं वाचताना पोटात गोळा आला. गेलोय आम्ही यातून, पण औषध वेगळं. माझ्या लेकीला ऑटिझम आहे, आता नऊ वर्षांची. सहाव्या वर्षी रिस्पेरिडोन सुरू केलं, डोकं भिंतीवर आपटायची म्हणून. आमच्याकडे सगळं तुमच्या उलट. भूक इतकी की रात्री दोनला फ्रिज उघडून कच्ची भेंडी खात बसलेली सापडली. चार महिन्यांत साडेपाच किलो वाढली.

एक किस्सा सांगते, घाबरवायला नाही. मात्रा वाढवल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची मान एका बाजूला वळली ती वळलीच. डोळे वर. मला वाटलं झटका आला. रिक्षात घालून जवळच्या रुग्णालयात नेलं, तिथल्या पोरगेल्या डॉक्टरने एक प्रश्न विचारला, 'कुठलं औषध चालू आहे?' चिठ्ठी पर्समध्ये होती म्हणून बरं. एक इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ. औषधाचीच प्रतिक्रिया होती, स्नायू आखडण्याची. त्या दिवसापासून चालू औषधांची चिठ्ठी माझ्या, नवऱ्याच्या आणि तिच्या दप्तरात अशी तीन ठिकाणी असते.

९ ऑगस्टची वाट बघू नका. आजच फोन करा.

---

टोणगा७७ | २३ जुलै, सकाळी ९:०२

आमच्या वेळी अशा पोरांना वांड म्हणायचे. दोन धपाटे आणि संध्याकाळभर मैदान, की झालं. आता सातव्या वर्षी मेंदूच्या गोळ्या. औषध कंपन्यांचं फावतंय. ताई, राग मानू नका, पण पोरगं गप्प बसावं म्हणून गोळी देणं हे शाळेच्या सोयीसाठी चाललंय, त्याच्या नाही. आजच बंद करा.

---

सुपाएवढा | २३ जुलै, सकाळी ९:४०

टोणगा, 'आजच बंद करा' हे असं इंटरनेटवर सांगायचं नसतं. माझा मुलगा फेफऱ्याच्या औषधावर आहे, लेव्हेटिरासेटाम. फिट्स थांबल्या आणि त्याच्या जागी राग आला. पाच वर्षांचा पोरगा, बहिणीच्या अंगावर कात्री घेऊन गेला. मीही तुमच्यासारखाच शूर होतो. चिडून दोन दिवस औषध चुकवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे सलग फिट आली, वीस मिनिटं. पुढचं लिहीत नाही.

नंतर डॉक्टरांनी हळूहळू एक कमी करत दुसरं चालू केलं आणि राग गेला. म्हणजे तक्रार खरी होती माझी, रस्ता चुकला.

---

टोणगा७७ | २३ जुलै, सकाळी ९:५८

फेफरं वेगळं. मी त्याबद्दल बोललो नाही. मुलगा बरा आहे ना आता?

---

सुपाएवढा | २३ जुलै, सकाळी १०:०१

हो. शाळेत जातो.

---

अठराविश्वे | २३ जुलै, दुपारी १:३०

मी बोलू का? कारण इथे सगळे आईबाप आहेत आणि मी बारक्या आहे, फक्त चौतीस वर्षांचा.

निदान एकतिसाव्या वर्षी झालं. त्याआधी धपाटे भरपूर खाल्ले, टोणगा, मैदानही भरपूर झालं. तरी तीन नोकऱ्या गेल्या आणि दोन वेळा गॅस चालू ठेवून घराबाहेर पडलो.

हेच औषध घेतो. आतून कसं वाटतं ते सांगतो, कारण सात वर्षांच्या मुलाला ते सांगता येणार नाही. मात्रा बरोबर असली तर काहीच 'वाटत' नाही. फक्त एक काम हातात घेतलं की ते हातात राहतं. मात्रा जास्त झाली की मात्र आपण काचेच्या मागे बसल्यासारखे होतो. विनोद कळतो, हसू येत नाही. गाणं ऐकू येतं, पाय हलत नाही. माझ्याकडे गिटार आहे. पहिल्या महिन्यात मी तिला हात लावला नव्हता आणि मला तिची आठवणही आली नव्हती. डॉक्टरांनी मात्रा कमी केली, तेव्हा कळलं की काहीतरी गेलं होतं.

त्यामुळे तुमचं ते ताटावर न वाजवणं मला डब्याइतकंच, किंवा डब्याहून जास्त महत्त्वाचं वाटतं. डॉक्टरांना ते नक्की सांगा. 'शांत झालाय' असं नका म्हणू, 'वाजवायचा थांबलाय' असं म्हणा. या दोन वाक्यांवर डॉक्टर दोन वेगळे निर्णय घेतात.

आणि औषधाचा असर उतरताना जो चिडचिडेपणा येतो तो खरा असतो. भूक, थकवा आणि डोक्यातला गोंगाट एकदम परत येतात. मी त्या वेळी कुणाचा फोन घेत नाही. बारक्याला तेवढी मुभा नाही, त्याला रिक्षात बसून घरी यावं लागतं.

अवांतर: या रेणूला ८० वर्षं होऊन गेलीत. १९४४ साली सिबा कंपनीतल्या लिआंद्रो पानिझोन नावाच्या रसायनतज्ज्ञाने तो बनवला. बायको मार्गारीट, लाडाने रीटा. तिने तो घेऊन बघितला, तिचं टेनिस सुधारलं म्हणे, आणि औषधाला तिचं नाव मिळालं, रिटालिन. त्याआधी १९३७ मध्ये चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकन डॉक्टरने मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं होतं, तेही दुसऱ्याच कारणासाठी, आणि मुलं एकदम अभ्यासाला लागली. म्हणजे काल-परवा कंपन्यांनी काढलेलं खूळ नाही हे. बाकी कंपन्यांबद्दल तुमचं जे मत आहे ते असू द्या.

---

एडिसनची_आत्या | २३ जुलै, रात्री ८:२०

इकडे न्यू जर्सीत भाच्याला हेच औषध आहे. दुपारची गोळी शाळेतली नर्स देते, तिच्या कुलपात असते. महिन्याभराचीच मिळते, प्रत्येक वेळी नवीन प्रिस्क्रिप्शन लागतं. वहिनीने एक साधी गोष्ट केली होती, ती सांगते: भरपेट नाश्ता गोळीच्या आधी. गोळीनंतर भूक मरणारच, मग आधीच घालायचं. आणि रात्री औषध उतरलं की दुसरं जेवण, पराठा-दही वगैरे. दुपारच्या डब्यावर भांडायचंच नाही.

---

खल_बत्ता | २३ जुलै, रात्री १०:४५

मी औषधविक्रेता आहे, कऱ्हाडकडचा. डॉक्टर नाही, त्यामुळे मात्रेबद्दल काही बोलणार नाही. पण धागा दोनदा वाचला आणि एक गोष्ट जुळेना.

कृष्णाकाठ ताई, पहिल्या आठवड्याची गोळी साधी होती म्हणता. आताच्या गोळीच्या पाकिटावर नावापुढे 'एसआर' असं लिहिलंय का, बघाल? असेल तर ती हळूहळू सुटणारी आहे. सातला दिलेली एसआर बारालाच अशी धाडकन उतरायला नको, दुपारपर्यंत पुरायला हवी.

आणि दुसरा प्रश्न. सात वर्षांचं पोर आख्खी गोळी गिळतं का? कशी देता?

---

कृष्णाकाठ | २३ जुलै, रात्री ११:१०

हो, एसआर लिहिलंय. आत्ता बघितलं.

गिळत नाही हो, ओकारी काढतो. सासूबाई खलात बारीक करून मधातून चाटवतात.

---

खल_बत्ता | २३ जुलै, रात्री ११:१३

ताई, उद्या सकाळी ती गोळी कुटू नका. आणि तशी आख्खी गिळवायचा प्रयत्नही करू नका. आधी डॉक्टरांना फोन करा आणि 'आम्ही कुटून देत होतो' एवढं सांगा, पुढे काय करायचं ते ते सांगतील.

काय होतंय ते सांगतो. तुम्ही सांगलीच्या, म्हणजे कोयनेच्या भाषेत. एसआर गोळी म्हणजे धरण. दिवसभरात थोडं थोडं सोडायचं औषध त्यात अडवून ठेवलेलं असतं. खलात घातली की भिंतच फुटली. सहा-आठ तासांचं औषध तास-दोन तासांत रक्तात. म्हणून सकाळी पोरगं दगडासारखं बसतं, आणि बाराला सगळं संपलं की कोसळतं. एकदम सोडलेलं पाणी काय करतं ते तुम्ही २०१९ ला बघितलंय.

पहिल्या आठवड्यात साधी गोळी होती, ती कुटली तरी फरक पडत नव्हता. म्हणून तो आठवडा छान गेला.

ही गोष्ट दुकानात सांगायला हवी होती. आमच्या धंद्यातल्या माणसाने. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीत येतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत आम्ही दोन वर्षं जपून ठेवतो, रजिस्टर भरतो, साठा मोजतो. एवढं सगळं करतो आणि 'कुटू नका' हे दोन शब्द सांगायचे राहतात. लाज वाटते.

---

गवतीचहा | २३ जुलै, रात्री ११:२०

आयडी खल_बत्ता आणि सल्ला काय, तर खलात घालू नका! _/\_

---

कृष्णाकाठ | २३ जुलै, रात्री ११:४८

हात थरथरतायत. बारा दिवस.

---

उंबर | २४ जुलै, सकाळी ७:०५

मी बालरोगतज्ज्ञ आहे, मानसोपचारातला नाही. खल_बत्ता यांनी जे सांगितलं ते बरोबर आहे, आणि सरळ बोलल्याबद्दल त्यांचे आभार. ताई, घाबरू नका. तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे एकटक बघणं, भूक जाणं, उतरताना चिडणं, झोप न येणं, ते मात्रा कमी-जास्त केल्यावर सहसा मागे फिरतं.

तरी छातीत दुखतंय म्हणाला, चक्कर येऊन पडला, नसलेल्या गोष्टी दिसू-ऐकू लागल्या, मान किंवा चेहरा वारंवार उडायला लागला, किंवा मरण्याबिरण्याचं बोलला, तर तारीख, नंबर, ओळख काही बघायचं नाही. तडक जायचं.

एक मात्र सर्वांसाठी. मिथाइलफेनिडेट एखाद दिवस चुकलं तर बहुतेक वेळा मोठं काही होत नाही. काही मुलांना झोपेसाठी किंवा टिक्ससाठी (मान-चेहरा आपोआप उडणं) क्लोनिडीन देतात, ते एकदम बंद केलं तर रक्तदाब उसळतो. रिस्पेरिडोन, फिट्सची औषधं, नैराश्याची औषधं यांचंही तसंच, मनाने तोडायची नाहीत. प्रत्येक औषधाचा निरोप घ्यायची रीत वेगळी असते. 'गोळ्या बंद करा' हा सल्ला म्हणूनच कुणी देऊ नये. वजनासाठी किराण्याचा काटा ठीक आहे, पण उंची, नाडी आणि रक्तदाब दवाखान्यात मोजून घ्या, आणि दर वेळी वहीत लिहा.

---

संपादक | २४ जुलै, सकाळी १०:३०

कृपया मात्रेचे आकडे धाग्यावर देऊ नयेत. एक प्रतिसाद उडवला आहे. बाकी चर्चा चालू राहू द्या.

---

कृष्णाकाठ | २५ जुलै, रात्री १०:१५

सगळ्यांना एकत्र उत्तर देते.

काल सकाळी साडेसातपासून फोन लावत होते. मदतनीस बाई म्हणाल्या, डॉक्टर फोनवर बोलत नाहीत, तारखेला या. मी म्हणाले, 'मुलाला बारा दिवस चुकीच्या पद्धतीने औषध गेलंय, मी लेखी विचारू का?' दहा मिनिटांत डॉक्टरांचाच फोन आला. आधी जरा तडकले, 'कुटायचं नसतं हे माहीत नव्हतं का?' मी विचारलं, 'आम्हाला कुणी सांगितलं होतं?' थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग नीट बोलले. दोन दिवस औषध बंद, सोमवारी या.

अवघड गोष्ट घरात होती. सासूबाईंना सांगायचं कसं? त्या खलात त्यांनी तीन नातवंडांची औषधं कुटलीत. शेजारी सहाण आहे, तिच्यावर बारक्याची बाळगुटी उगाळलीय. गोळी देण्याच्या त्या विरोधात होत्या, तरी देण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, कारण माझ्या हातून तो ओकायचा आणि त्यांच्या हातून चाटायचा. मी सांगितल्यावर काही बोलल्या नाहीत. खल धुतला, पुसला, माळ्यावर ठेवला. रात्री जेवताना एकदम म्हणाल्या, 'मी विष दिलं का गं त्याला?'

मी नाही म्हणाले. नवरा नाही म्हणाला. बारक्याने विचारलं, 'विष कसं लागतं? मधासारखं?'

तो प्रश्न त्याने विचारला म्हणून सांगते, बारा दिवसांनी त्याने काहीतरी विचारलं होतं. आज संध्याकाळी आंघोळीच्या बादलीवर ठेका धरला. मी बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. पाणी वाया जात होतं, जाऊ दिलं.

---

अठराविश्वे | २५ जुलै, रात्री १०:४०

मस्त! कुठला ठेका?

---

कृष्णाकाठ | २५ जुलै, रात्री १०:४४

मला काय कळतंय त्यातलं. विसर्जनाचा असावा, शेवटी पाय आपटत होता.

---

टोणगा७७ | २६ जुलै, सकाळी ८:३०

ताई, माझा पहिला प्रतिसाद मागे घेत नाही, पण सूर चुकला. मी वांड होतो आणि वडिलांचा पट्टा खाऊन सरळ झालो असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर सरळ झालो नाही, दहावीनंतर शाळा सुटली एवढंच. बारक्याची शाळा सुटू नये.

---

उंबर | २६ जुलै, दुपारी २:१०

टोणगा, लिहिलंत ते बरं केलंत.

ताई, सोमवारी जाताना वही घेऊन जा. घड्याळाच्या वेळा, शेजारी एकच शब्द. 'वाजवलं', 'रडला', 'खाल्लं'. सात मिनिटांत डॉक्टर तेवढंच वाचू शकतात आणि तेवढं त्यांना पुरतं. रिक्षाकाकांचं वाक्यही लिहा. शाळेच्या चांदणीपेक्षा त्यात जास्त माहिती आहे.

---

खल_बत्ता | २६ जुलै, रात्री ९:००

आणखी एक. औषधामुळे त्रास झाला तर त्याची नोंद रुग्णाच्या घरचेही करू शकतात, डॉक्टरच लागतो असं नाही. गाझियाबादला भारतीय औषधसंहिता आयोग आहे, २०१० मध्ये सुरू झालेला हा नोंदणीचा कार्यक्रम आता त्यांच्याकडे चालतो. फुकट फोन १८००-१८०-३०२४. गवतीचहा यांच्या लेकीच्या मानेसारखी गोष्ट तिथे कळवावी अशीच. आणि रात्री-बेरात्री जीव घाबरला, बोलायला कुणी नसलं, तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलता येतं. हा आईबापांसाठीसुद्धा आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

---

कृष्णाकाठ | २९ जुलै, रात्री ९:३०

जाऊन आलो. या वेळी वीस मिनिटं मिळाली. वही दिली. डॉक्टरांनी रिक्षाकाकांच्या वाक्याखाली पेनाने रेघ मारली.

मी म्हणाले, एकदा त्यालाच विचारा ना. बारक्या तेव्हा त्यांच्या टेबलाचा खण उघड-बंद करत होता. डॉक्टरांनी विचारलं, 'गोळी घेतल्यावर काय होतं रे?' तो म्हणाला, 'बाईंचं बोलणं शेवटपर्यंत ऐकू येतं.'

मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. वर्षभर मी त्याला 'ऐकत का नाहीस' म्हणून ओरडत होते.

'आणि काय होतं?'

'हसू येत नाही. सगळे हसतात तवा मी बघतो.'

अठराविश्वे, तुमचंच वाक्य, तेही न वाचता.

आता परत साधी गोळी, सगळ्यात लहान मात्रेची, ती कुटली तरी चालते. गिळायला शिकला की एसआरचं बघू म्हणाले, तेही लहान मात्रेपासून. गोळी सोडायची नाही असं आम्ही ठरवलंय. ते ऐकू येण्याचं वाक्य नसतं तर कदाचित सोडली असती.

---

एडिसनची_आत्या | ३० जुलै, पहाटे ५:००

बाईंचं बोलणं शेवटपर्यंत... डोळ्यांत पाणी आलं.

---

कृष्णाकाठ | १८ ऑगस्ट, रात्री १०:००

बऱ्याच जणांनी विपूत (विचारपुशीत) विचारलं म्हणून धागा वर काढतेय.

सगळं आलबेल नाही. सकाळी पावणेसातला थालीपीठ-लोणी, मग गोळी, ही आत्याबाईंची युक्ती लागू पडली. रात्री नऊला दूध आणि शेंगदाण्याचा लाडू. डबा अजून अर्धाच संपतो. वजन २०.९. शाळेतून वर्गात चुळबुळ परत सुरू झाल्याची चिठ्ठी आली, या वेळी चांदणी नाही. मी बाईंना भेटून सांगितलं की एवढी चुळबुळ राहणार आहे, आम्ही ती ठेवलीय. त्यांना पटलं असं वाटत नाही. पहिल्या बाकावरून त्याला दाराजवळ हलवलंय, फळा पुसायचं आणि खडू आणायचं काम दिलंय. एवढ्यावर सध्या तह.

दुपारची चिडचिड आहे, पण चावणं थांबलं. रिक्षातून उतरला की अर्धा तास त्याच्याशी कुणी बोलायचं नाही असा घरात नियम केलाय. सासूबाई तो सगळ्यात कडक पाळतात, भाजीवाल्यालासुद्धा खुणेने घालवतात.

आणि गोळी गिळायला शिकला! नऊ दिवस लागले. तीही सासूबाईंचीच करामत.

---

पाऊसवेडी | १९ ऑगस्ट, सकाळी ११:२०

धागा आजच पूर्ण वाचला. आमच्याकडे आठ वर्षांची मुलगी, कालच एसआर गोळी लिहून दिलीय आणि ती लिमलेटची गोळीसुद्धा गिळत नाही. नऊ दिवसांत कसं शिकवलं ते सांगाल का, अगदी बारीकसारीक?

---

कृष्णाकाठ | १९ ऑगस्ट, दुपारी ३:४०

सांगते. आधी दोन दिवस राजगिऱ्याचा एक दाणा. जिभेच्या मागच्या बाजूला ठेवायचा, एक घोट पाणी, संपलं. तो हसायला लागला, 'गेला पण कळलं नाही.' मग शिजवलेल्या साबुदाण्याचा एक दाणा, तो गुळगुळीत असतो, सर्रकन जातो. दोन दिवस तो. मग साखर लावलेली रंगीत बडीशेप, हॉटेलात बिलासोबत देतात ती. आधी बारीक निवडून, मग जाड. ती खडबडीत असते, तिथे दोनदा अडला, आम्ही परत साबुदाण्यावर आलो. घाई करायची नाही. मान फार मागे टाकू देऊ नका, ठसका लागतो. पाण्यापेक्षा ताक बरं पडलं आम्हाला, पण तुमच्या गोळीला ताक चालतं का ते डॉक्टरांना विचारून घ्या.

पोट रिकामं असताना करा आणि दिवसातून पाच मिनिटांच्या वर नको. समोर मोठ्या माणसानेही गिळायचं. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी त्याच वेळी ठेवली, दोघांनी एक-दोन-तीन म्हणून गिळायची. त्या अजूनही तीन म्हणायच्या आधीच गिळतात, आणि तो 'आज्जी चिटिंग' म्हणून ताट बडवतो.